एकसष्ट दुरुस्त्या

आमच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या बाईंना मुलं थांबाताई म्हणायची. प्रयोगशाळेत कुणी घाईघाईनं प्रोग्राम चालवायला निघालं, की मागून आवाज यायचा, "थांबा. आधी सांगा, काय होईल असं वाटतंय?" सांगता आलं नाही तर कळफलकावरचा हात काढायचा, विचार करायचा, मगच पुढे. उत्तर चुकलं तरी त्यांची हरकत नसायची. त्यांचे यजमान बसडेपोत मेकॅनिक होते. बायकोचं हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बरोबरच आहे की. गाड्या येतात, गाड्या जातात, थांबा आहे तिथंच."

ताईंना ते झोंबलं. पण खोटंही नव्हतं. वीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं कुठल्या कुठे पोचली होती आणि ताई त्याच खोलीत अठ्ठावीस संगणकांशी झटापट करत होत्या. त्यातले एकोणीस चालायचे.

मी त्या कॉलेजचा ग्रंथपाल. ताईंचा तास नसला की त्या माझ्याकडे येऊन बसायच्या. आमच्याकडे संशोधनाची नियतकालिकं होती म्हणायला, पण सगळ्यांत ताजा अंक अकरा वर्षांपूर्वीचा. ताई तेही वाचायच्या. एकदा मी गमतीनं म्हटलं, "एवढं शिळं वाचून काय उपयोग?" तर म्हणाल्या, "भाऊ, हे लोक प्रश्न कसा विचारतात ते बघते. उत्तरं शिळी होतात. विचारायची पद्धत होत नाही."

मग ती योजना आली. आपल्यासारख्या देशांत सॉफ्टवेअर वापरलं जातं, लिहिलंही जातं, पण त्यावर संशोधन करणारी माणसं नाहीत. ती तयार करायची, असा तिचा हेतू. बाहेरच्या एका विद्यापीठानं आणि एका निधीनं मिळून ती काढली होती. आमच्या भागातल्या कॉलेजांतून तीन प्राध्यापक निवडायचे. त्यांनी वर्षातले सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे राहून पाच वर्षांत डॉक्टरेट करायची. प्राचार्यांच्या मनात दोन तरुण प्राध्यापक होते. त्यातला एक अर्ज भरायच्या आधीच दुसरी नोकरी धरून गेला आणि रिकाम्या जागी ताईंचं नाव लागलं. तेव्हा त्यांचं वय एक्केचाळीस होतं, लेक नववीत होती.

"माझं नाव भरतीला घातलंय," त्या मला म्हणाल्या.

"भरती तर भरती. जाणार ना?"

"जाणार म्हणजे काय! पळत जाणार."

आणि गेल्या. तिकडच्या मार्गदर्शकांनी त्यांना तयार विषय दिला. मोठ्या कंपन्यांचे प्रोग्राम तपासून, पुढची चूक कुठे निघेल याचा आधीच अंदाज बांधणारं एक साधन बनवायचं. मार्गदर्शक स्वभावानं सरळ होते, कामाला चोख. ताईंनीही मान मोडून काम केलं. दीड वर्षात साधन तयार झालं आणि त्याचे अंदाज दहापैकी आठ वेळा बरोबर यायला लागले. मार्गदर्शक खूश झाले. म्हणाले, "आणखी दीड वर्षात तुमचा प्रबंध हातात."

इकडे आल्या तेव्हा मी म्हटलं, "तोंड गोड करा आता."

त्या खुर्चीत बसल्या. जरा वेळानं म्हणाल्या, "भाऊ, त्या साधनाला प्रोग्रामचा सगळा इतिहास लागतो. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली, का बदलली. त्यांच्याकडे ते आपोआप नोंदलं जातं. आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मागितलं, तर साहेबांनी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढून दिला आणि म्हणाले, जे आहे ते यात. लिहिणारा माणूस सोडून गेलाय. मी तिकडे जे शिकले ते इथे दाराच्या आतसुद्धा येत नाही."

"मग?"

"मग काय. प्रबंध पुरा करायचा, पदवी घ्यायची आणि पुन्हा त्या एकोणीस संगणकांकडे." हे सांगताना त्या हसल्या, पण मला ते हसू बघवलं नाही.

त्याच महिन्यात सरकारी रुग्णालयातून फोन आला. तिथला नोंदणीच्या दोन नंबरच्या खिडकीवरचा कारकून ताईंना ओळखायचा. संगणक अडला की तो कंपनीला नाही, ताईंनाच फोन लावायचा, कारण कंपनी कुठे आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. या वेळी त्याचा आवाज कापत होता. दोन बायकांना एकच नोंदणी क्रमांक मिळाला होता. एकीच्या रक्ताचा अहवाल दुसरीच्या कागदांना लागला आणि तिनं चार दिवस नको ती औषधं घेतली. तिथल्या रक्त तपासणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

ताई तिथे गेल्या, मीही सोबत होतो. चूक सापडायला अर्धा तासही लागला नाही. प्रोग्राम शेवटचा क्रमांक बघायचा, त्यात एक मिळवायचा आणि नव्या रुग्णाला द्यायचा. दोन्ही खिडक्यांनी एकाच क्षणी बघितलं, तर दोघींनाही तोच क्रमांक. एक खिडकी क्रमांक घेत असताना दुसरीनं ताटकळायचं, एवढीच सोय करायची होती. ताईंनी ती केली. कारकुनानं चहा मागवला आणि सहज म्हणाला, "म्हणजे हे त्यांच्यासारखंच झालं म्हणायचं."

"कुणाच्या?"

"टेकडीवरच्या रुग्णालयात सात वर्षांपूर्वी अस्संच झालं होतं. माझा मेहुणा आहे तिथे. त्यांच्या एक्सरेवाल्यानं शक्कल काढली. दुसऱ्या खिडकीच्या क्रमांकापुढे एक अक्षर लावून टाकलं. संपला घोळ."

ताईंनी कप खाली ठेवला. "सात वर्षांपूर्वी? हाच प्रोग्राम?"

"हाच. चौदा रुग्णालयांना एकदमच दिला होता ना. देणारे दोन वर्षं होते, मग गेले. आता ज्याचं त्यानं बघायचं."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं?"

कारकून ओशाळला. "ताई, मेहुण्यानं जेवताना गोष्ट म्हणून सांगितलं होतं. आपल्या इथेही तसंच होईल हे माझ्या डोक्यातच नाही आलं. आणि आलं असतं तरी सांगायचं कुणाला?"

परत येताना ताई बसमध्ये खिडकीबाहेर बघत होत्या. आमचा थांबा आला तरी उठल्या नाहीत, मी हाक मारली तेव्हा भानावर आल्या. उतरल्यावर रस्त्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, चूक सात वर्षांपूर्वी दुरुस्त झाली होती. फक्त ती दुरुस्ती तीस किलोमीटर चालून आली नाही. का नाही आली? हा प्रश्न आहे. माझा प्रश्न हा आहे."

मार्गदर्शकांशी त्यांचं दर आठवड्याला बोलणं व्हायचं, ते ग्रंथालयातूनच, कारण कॉलेजातलं बरं इंटरनेट माझ्या टेबलाशी यायचं. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. ताईंनी हा नवा प्रश्न सांगितला आणि विषय बदलायचा म्हटलं. 

मार्गदर्शक म्हणाले, "हे काम चांगलं आहे. गरजेचंही आहे. पण ही देखभाल झाली. संशोधन नव्हे."

"सर, देखभाल मी वीस वर्षं करतेय. ती कशी असते मला माहीत आहे. हे वेगळं आहे."

"तुमचं निदान एक वर्ष वाया जाईल. योजना त्यासाठी मुदत वाढवणार नाही."

"विचार करून सांगते," ताई म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी सांगितलं, की यजमानांना विचारलं. ते गाडीखालून आल्यासारखे हात पुसत म्हणाले, "वर्ष जाईल म्हणतात ना? जाऊ दे. दोन वर्षांत आज पहिल्यांदा तू जेवताना बडबड केलीस."

मार्गदर्शकांना त्यांनी कळवलं ते एवढंच: तीन महिने द्या, मग ठरवा.

त्या तीन महिन्यांत त्यांना एक साथीदार मिळाली. शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, तिला सगळे शंकासूर म्हणायचे. वर्गात शिक्षकाला पुरतं वाक्यही बोलू द्यायची नाही, मध्येच "पण का?" बाकीचे शिक्षक तिला टाळायचे. ताई तिला दर शनिवारी बसमध्ये शेजारी बसवून घेऊन जायच्या. दोघींनी चौदाही रुग्णालयं पालथी घातली. कुठे डॉक्टरांनी दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, कुठे संगणकावर पांघरूण घातलेलं आणि त्यावर झाडाची कुंडी. पण चौदा प्रती जमल्या. आता त्या ताडून बघायच्या कशा? ओळीला ओळ लावायला गेल्या तर नाकी नऊ आले. प्रत्येकानं आपापल्या परीनं ठिगळं लावली होती.

शंकासूर म्हणाली, "ताई, ओळी कशाला बघायच्या? आपण पाचशे खोटे रुग्ण बनवू. तेच पाचशे सगळ्या प्रतींना देऊ. जिथे उत्तर वेगळं येईल तिथे कुणीतरी हात लावलाय."

ताई तिच्याकडे बघतच राहिल्या. "थांब," म्हणाल्या, "काय होईल असं वाटतंय?"

"पाच-सहा प्रती तरी सारख्याच निघतील."

एकही सारखी निघाली नाही. चौदा रुग्णालयांत चौदा वेगळे प्रोग्राम होते, आणि माणसांशी बोलून, कागद चाळून, शेवटी एकसष्ट दुरुस्त्या मोजल्या गेल्या. कुणी औषधनिर्मात्यानं केलेली, कुणी लेखापालाच्या भाच्यानं, तर एक चक्क रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनं. ज्याला जमलं त्यानं केली. त्या एकसष्टपैकी फक्त चार दुरुस्त्या एका रुग्णालयातून दुसऱ्यात पोचल्या होत्या. चारही वेळा कारण एकच: करणाऱ्या माणसाची बदली झाली होती.

"म्हणजे आपल्याकडे ज्ञान बदलीच्या ऑर्डरीबरोबर प्रवास करतं," ताई मार्गदर्शकांना म्हणाल्या. ती यादी त्यांनी आदल्या दिवशी पाठवली होती.

 ते म्हणाले, "मी यादी दोनदा वाचली. खरं सांगू? मला या विषयातलं काही येत नाही."

"मलाही नाही, सर."

"मग आपण दोघंही शिकू. पण पुरावा मला पहिल्याइतकाच घट्ट लागेल. त्यात सूट नाही."

"सूट मागितलीय कुणी?" ताई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा अख्खा तांब्या संपवला.

एका नियतकालिकाकडे पाठवलेला पहिला निबंध परत आला. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, काम नेटकं आहे, पण एकाच प्रदेशापुरतं आहे. ताईंनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. "त्यांच्या एका शहरातल्या चार कंपन्या बघितल्या की ते सॉफ्टवेअरचं शास्त्र. आपली चौदा रुग्णालयं बघितली की प्रदेश!" दोन दिवस त्या धुमसत होत्या. तिसऱ्या दिवशी बसून त्यांनी निबंध पुन्हा लिहिला आणि जिथे आपला दावा पुराव्यापेक्षा लांब गेला होता तिथे तो आपणहून आखूड केला. दुसरीकडे तो छापला गेला. लेखकांच्या नावांत ताई, शंकासूर, मार्गदर्शक आणि चौथा तो दोन नंबरच्या खिडकीवरचा कारकून.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "कारकुनाचं नाव? कॉलेजचं नाव आहे निबंधावर. त्याची पदवी काय?"

"तो बोलला नसता तर मला प्रश्नच सुचला नसता."

"आभार माना की मग. शेवटी एक ओळ असते त्यासाठी."

"सर, आभार चहाचे मानतात," ताई म्हणाल्या. नाव राहिलं. कारकुनानं तो निबंध काचेखाली ठेवला आणि रांगेतल्या माणसांना दाखवू लागला, ते वेगळंच.

इथवर ताईंचं सगळं मी कौतुकानं सांगतो. पुढचं सांगताना जीभ जड होते. पण तेही झालं.

शंकासूरला तिकडच्याच एका विद्यापीठात प्रवेश मिळायची शक्यता होती. ताईंचं शिफारसपत्र हवं होतं. महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मुदत. ताईंनी पाच तारखेला पत्र लिहिलं. मला वाचायला दिलं होतं, इतकं मनापासूनचं पत्र मी दुसरं पाहिलं नाही. आणि ते त्यांनी पाठवलं नाही. सहा तारीख गेली, दहा गेली. चौदा तारखेला मुलगी ग्रंथालयात आली.

"ताई, त्यांचा निरोप आलाय. पत्र पोचलं नाही म्हणतात. काही अडचण आली का?"

नेटवर्कचं कारण सांगता आलं असतं, कुणीही विश्वास ठेवला असता. ताई म्हणाल्या, "पत्र लिहून नऊ दिवस झाले. मीच ठेवून घेतलंय. मुद्दाम."

मुलगी उभीच राहिली. "का?"

"तू गेलीस की हे काम बसेल. चौदा प्रती ताडून बघणं तुझ्याशिवाय कुणाला येत नाही."

"मग तसं म्हणायचं मला."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस?"

"नाही."

"म्हणून नाही म्हटलं."

ताईंनी तिच्यासमोरच पत्र पाठवलं.  मुलगी "येते" एवढंच म्हणून निघून गेली.  ताई म्हणाल्या, "मी मुलांना शिकवते की आधी विचार करा. आणि मी नऊ दिवस विचार करून हे केलं, भाऊ." 

तिला प्रवेश मिळाला. जायच्या आधी सहा आठवडे ती रोज प्रयोगशाळेत येऊन बसली, ताईंशी कामापुरतं बोलली आणि जाताना चाळीस पानांचं टिपण ठेवून गेली. खोटे रुग्ण कसे बनवायचे, प्रती कशा चालवायच्या, कुठे फसायला होतं, सगळं पायरीपायरीनं. कुणालाही करता यावं असं. वर ना अर्पण, ना आभार. पुढे ती तिकडेच रमली. कामाबद्दल ताईंनी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायची. पण बसमध्ये शेजारी बसून हमरीतुमरीवर येणाऱ्या त्या दोघी पुन्हा काही दिसल्या नाहीत.

पाच वर्षं भरल्यावर योजनेची तपासणी करायला तिघंजण आले. निवडलेल्या तीन प्राध्यापकांपैकी एक परदेशातच राहिला होता, एक कंपनीत गेला होता. ताईंचा प्रबंध अजून व्हायचा होता. तपासणाऱ्यांनी अहवालात 'अंशतः यशस्वी' असं लिहिलं आणि योजना बंद झाली. ताईंना ते एका ओळीच्या पत्रानं कळलं. पुढचं दीड वर्ष त्यांनी शिकवणं सांभाळून प्रबंध पुरा केला. मार्गदर्शक विनामोबदला, सुट्टीच्या दिवशी, दर आठवड्याला बोलत राहिले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी थांबाताई डॉक्टर झाल्या. लेकीनं दारावर पाटी लावली, ती यजमानांनी सरळ केली.

प्रबंधातून एक गोष्ट उभी राहिली: मासिक बैठक. चौदा रुग्णालयांतले कारकून, औषधनिर्माते, एक्सरेवाले महिन्यातून एकदा आमच्या प्रयोगशाळेत जमायचे. काय बिघडलं, कुणी काय केलं, ते सांगायचे. दुरुस्ती सगळीकडे जायची. पहिल्या दोन वर्षांत तीसेक दुरुस्त्या अशा फिरल्या. दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक बघायला आले. ताईंना आता डॉक्टरेटसाठी स्वतःचे विद्यार्थी घ्यायचा अधिकार मिळाला होता, आणि पहिला आला तो शेजारच्या कॉलेजातला एक अबोल तरुण प्राध्यापक. त्याला त्या बैठकीवरच काम करायचं होतं. ताईंना मनातून बरं वाटलं.

दोन वर्षांनी तो कागद घेऊन आला. मी तिथेच होतो.

"मॅडम, नऊ रुग्णालयांत फायदा दिसतोय. पाचांत नुकसान दिसतंय."

"नुकसान म्हणजे?"

"आधी चूक निघाली की ते लोक दोन-तीन दिवसांत स्वतःच काहीतरी करायचे. आता ते बैठकीची वाट बघतात. चूक तीन आठवडे तशीच राहते."

"तुमच्या मोजण्यात गफलत असेल."

"तीनदा मोजलंय."

"चौथ्यांदा मोजा!" ताईंचा आवाज चढला. तो बिचारा कागद गोळा करून गेला, आणि चौथ्यांदा मोजून आला. आकडा तोच.

मग ताई स्वतः बसनं निघाल्या. पाचांतल्या तीन ठिकाणी जाऊन आल्या.  परतल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"म्हणाले, खरंय ताई. आता तुम्ही आहात म्हटल्यावर आम्ही कशाला हात घालायचा? उगाच काही बिघडलं तर?" पिशवी टेबलावर ठेवत म्हणाल्या, "माणसं स्वतः डोकं चालवत होती, भाऊ. ती मी बंद केली. चांगुलपणानं."

"असं नका म्हणू. नऊ ठिकाणी..."

"नऊ ठिकाणी बरं झालं. तेही त्यानंच मोजलंय. म्हणजे दोन्ही मानायला हवं."

त्यांनी त्याला बोलावून घेतलं आणि त्याच्या प्रबंधावर सही केली. एका ठिकाणी त्यानं ताईंच्या मानापोटी वाक्य मऊ केलं होतं, 'काही प्रमाणात मर्यादा जाणवतात' असलं काहीतरी. ताईंनी ते खोडून वर लिहिलं: पाच रुग्णालयांत या पद्धतीने नुकसान झाले. त्यानं ते वाचलं.

"मॅडम, हे तुमच्याच कामाबद्दल आहे."

"माहीत आहे मला. टंकताना पूर्णविराम विसरू नका."

बैठकीचं पुढे काय करायचं यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही. तो म्हणतो, दर महिन्याऐवजी गरज पडेल तेव्हा. ताई म्हणतात, मग कुणी येणारच नाही. सध्या सात रुग्णालयांत त्याची रीत आहे, सात ठिकाणी ताईंची, आणि एक नवीन मुलगी दोन्हींची तुलना करतेय. तिचं दोघंही ऐकून घेतात, कारण दोघांनाही तिच्या आकड्यांची भीती वाटते.

त्या अबोल प्राध्यापकाचा प्रबंध छापून आला तेव्हा मी त्याला क्रमांक दिला. या विषयात आमच्या ग्रंथालयातला तो दुसराच. क्रमवारीनं तो ताईंच्या प्रबंधाला खेटून बसला. ताई बघायला आल्या. दोन्ही खाली काढले, हातात तोलून पाहिले.

"याचा जाड दिसतोय," म्हणाल्या.

"चाळीस पानं जास्त आहेत," मी म्हटलं.

"हं. तक्ते फार घातलेत त्यानं," ताई म्हणाल्या, आणि तो जाड प्रबंध घरी न्यायला माझ्याकडे नोंदवून घेतला.